गॅस एजन्सीवाल्यांनो, टाकीसोबत पाच मिनिटंही द्या

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सर्व गॅस एजन्सीचालकांना, आणि टाकी घरपोच आणणाऱ्या भावांना,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. बचत गटाच्या कामामुळे गावोगावच्या बायकांच्या घरी, आणि घरी म्हणजे थेट चुलीपाशी, माझं जाणं-येणं असतं. त्या ओळखीच्या बळावर हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. टाकी देताना प्रत्येक घरात पाच मिनिटं थांबा. टाकी तपासून द्या, आणि गॅसचा वास आला तर पहिल्या मिनिटात काय करायचं ते घरातल्या बाईला, म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना तोंडानं सांगा. त्यांच्या बोलीत सांगा.

पहिलं मिनिट म्हणते त्याला कारण आहे. वास आला त्या क्षणी तिथे तुम्ही नसता, मेकॅनिक नसतो, अग्निशमन दलाचा बंब तर तालुक्याच्या गावाहून निघायचा असतो. तिथे असते ती घरची सून, नाहीतर आजी, नाहीतर शाळेतून आलेली आठवीतली पोरगी. ती जे करेल त्यावर घर राहतं किंवा जातं.

आमच्या गटाच्या बैठकीत मी एकदा विचारलं, “घरात गॅसचा वास आला तर सगळ्यात आधी काय कराल?” एकीनं सांगितलं, लाइट लावून बघेन कुठून येतोय. दुसरी म्हणाली, एक्झॉस्ट फॅन लावेन. तिसरी म्हणाली, कुलर दाराकडे तोंड करून लावला की वास लगेच निघून जातो. एका मावशींनी अगदी विश्वासानं सांगितलं की अगरबत्ती लावली की वास बसतो. काडी ओढून नळीजवळ धरून बघणारीही एक होती, आणि तिला हे घरच्या कर्त्या माणसानंच शिकवलं होतं. या सगळ्या शहाण्या बायका आहेत. शेताचा हिशोब ठेवतात, बँकेचं कर्ज वेळेवर फेडतात. पण या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलंच नव्हतं. सूचना तुमच्या पुस्तकात छापलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. ते पुस्तक कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत असतं. बुकिंग मोबाइलवर व्हायला लागल्यापासून ते बाहेरही निघत नाही.

आपल्या घरांची रचना आणि आपला उन्हाळा यांचा इथे मोठा संबंध आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. तो हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीड ते दोन पट. गळाला की वर जात नाही, पाणी उताराकडे जातं तसा जमिनीलगत पसरतो, सखल जागा शोधतो. ओट्याखाली साचतो, मोरीत उतरतो, मोरीच्या भोकातून गटारीत जातो, धान्याच्या कोठ्यांमागे दडून बसतो. आता आपली जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं डोळ्यांसमोर आणा. मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, पुढे एक दार, मागे एक दार, खिडकी असली तर लहानशी, आणि धूर जायला वर छतात एक भोक. ते भोक चुलीसाठी होतं. धूर गरम असतो, वर चढतो, तिथून निघून जातो. गॅसला त्या भोकाचा काहीच उपयोग नाही. घर बांधणाऱ्यांनी चुकीचं काही केलं नाही, घर चुलीचंच होतं. आपण त्यात टाकी आणून ठेवली आणि हवा मात्र वरूनच जाईल असं धरून चाललो. नव्या स्लॅबच्या घरांतही तेच आहे. खिडकी ओट्याच्या वर, एक्झॉस्ट त्याच्याही वर, आणि टाकी खाली, दाराच्या कपाटात कोंडलेली. खालून हवा जाईल अशी जाळी किंवा भोक त्या कपाटाला क्वचितच दिसतं.

त्यावर आपला उन्हाळा. फाल्गुन सरला की भुसावळ-जळगावकडचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. सकाळी अकराला दारं-खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात, ते दिवस मावळेपर्यंत. घरात हवा येते ती कुलरमधून. रात्री मात्र सगळं घर गच्चीवर नाहीतर धाब्यावर झोपायला जातं. खाली दार ओढून घेतलेलं, खिडक्या मांजराच्या भीतीनं बंद, आणि रेग्युलेटर बऱ्याच घरांत चालूच. नळीला बारीकशी चीर असेल तर रात्रभर गॅस जमिनीवर साचत राहतो आणि वास घ्यायला घरात कुणी नसतं. पहाटे अंधारात एक बाई खाली उतरते, दार उघडते, आणि तिचा हात सवयीनं जातो तो भिंतीवरच्या बटणाकडे.

बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. चालू करतानाही पडते, बंद करतानाही पडते. हवेत साधारण २ ते ९ टक्के गॅस मिसळलेला असला की तेवढी ठिणगी पुरते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच स्वयंपाकघराचा हिशोब केला तर खोलीभर २ टक्के व्हायला सव्वा किलोच्या आसपास गॅस लागतो. टाकीत असतो १४.२ किलो. आणि गॅस खाली साचतो म्हणून जमिनीजवळ तो सव्वा किलोच्या कितीतरी आधीच पेटण्याजोगा होतो. हा हिशोब मी बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा बायका गप्प झाल्या. ‘एवढ्याशा गॅसनं काय होतंय’ असं मग कुणीच म्हणालं नाही.

म्हणून टाकी लावताना तुमच्या माणसानं घरच्यांना काय सांगावं, ते इथे लिहिते.

वास आला की कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. बंद असलेलं चालू करायचं नाही, चालू असलेलं बंद करायचं नाही. पंखा फिरत असेल तर फिरू द्या, लाइट लागलेली असेल तर राहू द्या. फ्रिजचा प्लग ओढायचा नाही. कुलरच्या तर जवळही जायचं नाही. मोबाइलची बॅटरी लावून शोधाशोध नको, घरात उभं राहून फोनही नको. देवघरात समई-निरांजन असेल, अगरबत्ती असेल, मागच्या पडवीत बंब किंवा चूल पेटलेली असेल, तर ती आधी विझवा. आपल्याकडे देवघर पुष्कळदा स्वयंपाकघरातच असतं, त्यामुळे याला फार महत्त्व आहे. मग शेगडीची बटणं बंद करा, टाकीवरचा रेग्युलेटर बंद करा, आणि पुढचं-मागचं दार, असतील तेवढ्या खिडक्या सताड उघडा. वारा आपलं काम करतो, त्याला विजेच्या पंख्याची मदत लागत नाही. पोरं, म्हातारी माणसं, बाळंतीण, सगळ्यांना घेऊन बाहेर अंगणाच्या पलीकडे जा. शेजाऱ्यांना हाक मारून सांगा, त्यांच्या दारावरची बेल वाजवू नका. दारात लावलेल्या मोटरसायकलला तिथेच किक मारू नका. मीटर आणि मेन स्विच घराबाहेर, जिथे वास पोचत नाही अशा जागी असेल तरच तो खाली करा, नाहीतर त्यालाही सोडून द्या.

हे सगळं पाच-दहा श्वासांत होण्यासारखं आहे. पण दारातच नाक चोंदेल इतका वास असेल, किंवा गॅस सुटल्याचा फुस्स आवाज कानावर येत असेल, तर रेग्युलेटरपर्यंत जायच्या भानगडीत पडू नये. दार उघडं टाकून मागे फिरावं. सामान, पैसे, सोनं, काही आणायला आत जाऊ नये.

फोन बाहेरून. गॅसगळतीसाठी १९०६ हा देशभरचा क्रमांक २०१६ सालापासून चोवीस तास चालू आहे, टाकी कुठल्याही सरकारी कंपनीची असली तरी चालतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२. हे तीन आकडे ओट्याच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलेलं घर मी आमच्या भागात पाहिलेलं नाही. तुमच्या माणसाच्या खिशात एक मार्कर असला तर दोन मिनिटांत काम होतं.

आणखी एक गोष्ट बायकांना आवर्जून सांगायला हवी. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात. पण नाक त्या वासाला थोड्या वेळात सरावतं. ‘आता येत नाहीये, गेला वाटतं’ असं घरातल्या घरात बसून ठरवू नये. बाहेर जाऊन, मोकळ्या हवेत थांबून, मग दुसऱ्या कुणाला तरी दारातून अंदाज घ्यायला सांगावं. म्हाताऱ्या माणसांना वास कमी येतो, सर्दीनं नाक बंद असलेल्याला येत नाही, आणि करोनात वासाची जाण गेलेली माणसं गावोगाव आहेत. ज्या घरात दिवसभर अशी एकटी आजी असते त्या घराला तुमच्या पाच मिनिटांची गरज जास्त आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे अर्ध्या घरांत हेच चित्र असतं. कर्ती माणसं शेतात, घरी आजी आणि नातवंडं.

धुळ्याला माझ्या मावशीच्या गल्लीत घडलेलं सांगते. एक कुटुंब लग्न आटोपून रात्री उशिरा घरी आलं. दार उघडलं तर आत वास. सुनेचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात मागून सासूबाई ओरडल्या, “हात लावू नको वं, दार उघाड!” सून तशीच थबकली. अंधारातच त्यांनी पुढचं दार पूर्ण उघडलं, मुलगा बाहेरच्या बोळातून जाऊन मागचं दार उघडून आला, आणि मग सगळे चांगला वेळ गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसून राहिले. सकाळी पाहिलं तर नळी उंदरानं कुरतडलेली, दाताच्या खुणा बोटाला लागत होत्या. सासूबाई शिकलेल्या नाहीत. त्यांना हे टाकी आणणाऱ्या एका पोरानं, दारात पाणी पिता पिता, कधीतरी सांगितलं होतं. त्या पोराला हे माहीतही नसेल. ते काम सगळ्यांनी, सगळीकडे करावं एवढंच माझं म्हणणं आहे.

उंदराचं निघालं म्हणून नळीबद्दल. आपल्या घरांत ज्वारी-बाजरीच्या कोठ्या स्वयंपाकघरालगत असतात, उंदीर येणारच. आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची केशरी सुरक्षा नळी उंदराला सहजासहजी कुरतडता येत नाही. ती पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर साल छापलेलं असतं, आणि लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. आठवडे बाजारात मीटरवर मिळणारी साधी हिरवी नळी बसवून, तिला तार पिळून आवळलेली घरं आजही आहेत. कुठे टाकी ओट्याखालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली म्हणून दोन नळ्या जोडलेल्या आहेत. तुमचा माणूस महिन्या-दीड महिन्यानं त्या घरात जातो. त्याला हे दिसतं. दिसलं की बोललं पाहिजे.

टाकी देतानाची तपासणी हा ग्राहकाचा हक्क आहे, उपकार नव्हे. वजन करून द्यायचं, वॉल्व्ह आणि वायसर गळत नाही हे ग्राहकासमोर दाखवायचं, हे तुमच्या कामाचाच भाग आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा काय होतं? टाकी ओट्यावरच, म्हणजे घराच्या बाहेरच्या ओट्यावर, ठेवली जाते. सही, पैसे, रिकामी टाकी उचलली, गाडी पुढे. मग घरातली बाई किंवा शेजारचा पोरगा टाकी घरंगळत आत नेतो आणि लावतो. काटा गाडीत असतो, पण मागितल्याशिवाय निघत नाही.

नीट केलेली तपासणी मी एकदा शेजारी पाहिली, ती अशी होती. त्या भावानं आधी विचारलं, “घरात काही पेटलेलं आहे का?” देवाजवळचा दिवा मालवायला लावला. टाकी उभी केली, सील दाखवलं, दोरी न तोडता टोपी वर ओढून काढली. वॉल्व्हच्या तोंडात बोट घालून काळं वायसर चाचपलं, ते दबलेलं, चिरलेलं नाही हे बघितलं. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब आत सोडले आणि वाकून बुडबुडे येतात का पाहिलं. मग रेग्युलेटर बसवला, खट्ट आवाज आला, बटण चालू करून जोडांवर पुन्हा साबणाचं पाणी फिरवलं. शेवटी टाकीच्या कड्यावरची, पुढच्या चाचणीची मुदत सांगणारी खूण घरातल्या मुलीला वाचायला लावली. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. ती मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, परत करायची. जाताना म्हणाला, ही दोरीची टोपी कापून फेकू नका, कधी वॉल्व्हमधूनच गळायला लागलं तर रेग्युलेटर काढून हीच दाबून बसवायची आहे. या सगळ्याला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

टाकी आणणाऱ्या भावांना मी दोष देत नाही. उन्हातान्हात, तीन-तीन मजले चढून, भरलेली टाकी खांद्यावर नेणं काय असतं ते दिसतं आम्हाला. दिवसाकाठी किती टाक्या संपवायच्या याचा ताण त्यांच्या डोक्यावर असतो, म्हणून ते घाई करतात. माझं मागणं एजन्सीच्या मालकांकडे आहे. ही पाच मिनिटं कामाचा वेळ म्हणून धरा, त्याचा मोबदला द्या, आणि मग तपासणी झाली की नाही हे पावतीवर ग्राहकाच्या सहीनं लिहून घ्या. पाच वर्षांतून एकदा होणारी घरची सक्तीची तपासणीही अशीच व्हावी. शेगडीसमोर उभं राहून, नळी हातात घेऊन. दारातून फोटो काढून नव्हे.

सातपुड्यातल्या गावांचं वेगळं आहे. अक्कलकुवा, धडगावकडच्या पाड्यांवर उज्ज्वला योजनेतून गॅस पोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. २०१६ पासून कितीतरी बायकांचे डोळे धुरापासून वाचले. पण पाड्यावर टाकीची गाडी जात नाही. टाकी रस्त्यावरच्या गावातून मोटरसायकलवर नाहीतर जीपमध्ये माणसांच्या पायांत आडवी घालून नेली जाते. वर मोबाइलला रेंज असेलच असं नाही, मग १९०६ कुठून लावणार? तिथल्या बाईला आधी सांगून ठेवलेलं तेवढंच तिच्या हाती असतं. तिथे तपासणी गाडीपाशीच करून द्या, टाकी उभीच न्या म्हणून बजावा, आणि सांगायचं ते पावरी-भिलीत सांगू शकणारी तिथलीच मुलगी किंवा आशाताई सोबत घ्या.

सणांचंही बोलायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, खापरावर मांडे होतात, एका घरात दोन-तीन शेगड्या मांडल्या जातात. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते, रात्रभर जागरण, दिवे अखंड. उन्हाळ्यात बिबडे-पापड-कुरडयांच्या दिवसांत मोठी भट्टी शेगडी भाड्यानं येते आणि शेजारची टाकी उसनी घेतली जाते. ऐन गर्दीत टाकी संपते, आणि दिवा तेवत असलेल्या खोलीतच कुणीतरी नवी लावायला बसतं. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण टाकी बदलताना त्या खोलीत जळतं काहीही नको, पोरं नकोत, दारं उघडी हवीत, आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, हे त्या गर्दीत कुणी सांगत नाही. सणाच्या आधीच्या आठवड्यात टाकी देताना ही एक गोष्ट तरी सांगा. कानबाईचा दिवा विझवा असं मी म्हणणार नाही, तो अखंडच असतो. टाकी त्या खोलीत नको, इतकंच.

आग लागलीच तर काय, हेही बायका विचारतात. नळीला किंवा रेग्युलेटरपाशी लहान ज्योत असेल आणि हात पोचत असेल तर ओली जाड चादर गुंडाळून बटण बंद करता येतं. हात पोचत नसेल तर माणसं घेऊन निघून जावं, १०१ ला कळवावं. गॅस सुटत असताना नुसती ज्योत विझवली तर गॅस साचत राहतो आणि पुन्हा भडका होतो, हे लोकांना माहीत नाही. कुणी भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ कापड, मग दवाखाना. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही नको.

विम्याची माहिती तर कुणालाच नसते. घरगुती गॅसच्या प्रत्येक नोंदणीकृत ग्राहकाला तेल कंपन्यांच्या विम्याचं संरक्षण असतं, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी जास्तीत जास्त २ लाख आणि एका घटनेत मिळून ३० लाखांपर्यंत, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. अपघात झाल्यावर घरच्यांनी सगळ्यात आधी एजन्सीला लेखी कळवायचं असतं. हे तुमच्या दुकानाच्या दारावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत लावलेलं असावं. अपघात झालेल्या घरात लोक दुःखात असतात, हक्क शोधत फिरायची ताकद त्यांच्यात नसते.

आणि घरगुती टाकीतून गाड्यांत गॅस भरून देणारे अड्डे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात अशाच एका ठिकाणी स्फोट झाला, माणसं जिवानिशी गेली. त्या अड्ड्यांवर टाक्या कुठून जातात याचा शोध पोलीस घेतील, पण तुमच्या नोंदवह्यांतूनही ते कळतं. जिथे एकाच घराच्या नावावर गरजेपेक्षा जास्त टाक्या जातात तिथे तुम्ही विचारायला हवं.

बोलीबद्दल मी वर लिहिलं. भिंतीवर चिकटवायला कागद छापणार असाल तर त्यावर अहिराणीत एवढं छापा:

“गॅसना वास ई ऱ्हायना तं लाइटना बटनले हात लावू नका. दिवा मालवा, गॅस बंद करा, दार-खिडक्या उघाडा. पोरेसले लिसन भाहेर निंघा. फोन भाहेर जाईसनच करा: १९०६.”

रावेर-यावलकडे लेवा बोलीत, शिरपूर-शहाद्याकडे तिथल्या लोकांच्या बोलीत करून घ्या. शाळेतल्या बाई-गुरुजींना सांगितलं तर एका दिवसात लिहून देतील, आणि पोरांकडून पाठही करून घेतील.

पाच मिनिटांची ही पद्धत येत्या आखाजीच्या आधी सुरू व्हावी अशी माझी विनंती आहे, कारण त्यानंतर घरं बंद करून गच्चीवर झोपायचे दिवस ऐन भरात येतात. आमच्या गटाची बैठक दर महिन्याला होते. ज्या एजन्सीला सुरुवात करायची असेल तिनं आपला एक जाणकार माणूस आमच्याकडे पाठवावा. रिकामी टाकी, रेग्युलेटर, नळी आणि साबणाचं पाणी आम्ही मांडून ठेवू. शिकलेल्या बायका मग पुढच्या गावांत तुमच्या माणसासोबत यायला तयार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालेलं आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक,
अमळनेर तालुका, जि. जळगाव